पाळी चुकते तेव्हा साखर तपासा

पत्र

डॉक्टर, मी ३१ वर्षांची आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. मुलगी चार वर्षांची. तिच्या वेळेला सातव्या महिन्यात माझी साखर जरा वाढली होती, पण पथ्यावरच भागलं. बाळंतपणानंतर परत कुणी काही म्हणालं नाही. गेली दोन वर्षं पाळीचा काही नेम राहिलेला नाही. दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. आता साडेतीन महिने झाले. लग्नात ५४ किलो होते, आता ७१ आहे. उंची पाच फूट एक इंच. हनुवटीवर केस येतात, दर आठवड्याला थ्रेडिंग करावं लागतं. मान काळी पडलीय, कितीही घासली तरी निघत नाही. डोक्यावरचे केस मात्र गळतात, त्यासाठी बायोटिन घेते. थायरॉईडची ५० ची गोळी रोज सकाळी चहाबरोबर चालू आहे.

सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत पीसीओ, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी, असं आलं. सहा महिने गोळ्या दिल्या, तोवर पाळी अगदी तारखेला आली. बंद केल्या तशी परत गायब. आत्याबाई म्हणतात, दुसरं होऊ दे, सगळं सुरळीत होतंय. ऑफिसातली एक मैत्रीण हार्मोन बॅलन्सची पावडर विकते, महिन्याला साडेतीन हजार. वजनासाठी मी सकाळचा नाश्ता बंद केलाय, मंगळवार-शुक्रवार उपवास धरते, तरी काटा हलत नाही. आईला शुगर आहे. सगळे म्हणतात हार्मोन्स बिघडलेत. म्हणजे नक्की काय बिघडलंय? माझंच काही चुकतंय का? की आयुष्यभर गोळ्याच खायच्या? हल्ली लग्नकार्याला जायचंसुद्धा टाळते.

उत्तर

आधी एक काम करा. मेडिकलमधून प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी आणा आणि उद्या सकाळी तपासून बघा. पाळीचा नेम नाही म्हणजे दिवस जाणारच नाहीत, असं धरून चालू नका. नेम नसलेल्या पाळीत बीज कधी बाहेर पडेल ते सांगता येत नाही, पण मधूनच ते पडतं. पट्टीवर काही आलं नाही, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत. सातव्या महिन्यात साखर वाढली होती, ही ती ओळ. मला ती साऱ्या पत्रात सर्वांत महत्त्वाची वाटली. ती साखर, आईचा मधुमेह, पोटावर चढलेलं वजन, काळी पडलेली मान, हनुवटीवरचे केस आणि लांबलेली पाळी या सहा वेगवेगळ्या तक्रारी नाहीत. तुम्ही मानेसाठी घासणी धरलीत, केसांसाठी पार्लर, पाळीसाठी गोळ्या आणि वजनासाठी उपवास. मूळ मात्र बहुधा एकच आहे, आणि ते अंडाशयात नाही.

नक्की काय बिघडलंय, असं विचारलंत. सांगते. आपण जेवलो की रक्तात साखर वाढते. ती स्नायूंमध्ये आणि यकृतात नेऊन पोचवायचं काम इन्सुलिनचं. काही जणींच्या शरीरात स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर कशीबशी जागेवर ठेवतं. घरातली पोरं हाकेला ओ देत नाहीत म्हणून आई आवाज चढवत जाते, आणि त्याचा त्रास कान शाबूत असलेल्या शेजारणीला होतो, तसं इथे होतं. ही शेजारीण म्हणजे अंडाशय. त्याला इन्सुलिनचा चढा आवाज पुरेपूर ऐकू येतो आणि ते पुरुषी हार्मोन, म्हणजे अँड्रोजन, जास्त बनवायला लागतं. शिवाय हे हार्मोन बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृत बनवत असतं, तेही जास्त इन्सुलिनमुळे कमी होतं. परिणामी मोकळं फिरणारं अँड्रोजन वाढतं. हनुवटीवर केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात, आणि अंडाशयात वाढीला लागलेली बीजं अर्ध्यावरच थांबतात.

सोनोग्राफीत दिसतात ती हीच थांबलेली बीजकोषं. दोन ते नऊ मिलिमीटरची, कडेनं माळेसारखी लागलेली. त्या गाठी नव्हेत. त्यांचं ऑपरेशन करायचं नसतं, आणि त्यातून कॅन्सरही होत नाही. रिपोर्ट हातात आल्यापासून तुम्हाला ही धास्ती असेल, तर ती आजच सोडा.

काळजी करायची ती गर्भाशयाच्या अस्तराची. बीज बाहेर पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र चालूच असतं. ते अस्तर वाढवत राहतं आणि ते झडायला निरोप येत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं तर अस्तर जाड होतं, त्यातल्या पेशी बदलू शकतात, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा वाढतो. तुमच्या वयात हा कॅन्सर क्वचितच होतो, म्हणून घाबरू नका. पण तीन महिन्यांच्या वर पाळीशिवाय राहायचं नाही, हा नियम वहीत लिहून ठेवा. तुमचे साडेतीन महिने झालेत. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. दहा ते चौदा दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी पाळी आणता येते.

चेहऱ्यावरचे केस आणि साखर यांचं नातं आजकालचं नाही. पॅरिसच्या आशार आणि तियेर या दोन डॉक्टरांनी १९२१ मध्येच दाढी आलेल्या बायकांमधल्या मधुमेहाबद्दल लिहून ठेवलंय. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी पाळी बंद झालेल्या सात बायकांची अंडाशयं वर्णन केली, आणि तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष अंडाशयावर खिळलं. या बायकांच्या रक्तात इन्सुलिनही जास्त असतं, हे १९८० मध्ये दाखवलं गेलं. तरी आजही आपल्याकडे पाळी चुकली की सोनोग्राफी होते, गोळ्या मिळतात आणि साखर बघायची राहून जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हातातली दहा-पंधरा वर्षं अशीच निसटतात आणि चाळिशीत ती बाई मधुमेहाच्या ओपीडीत बसलेली दिसते.

आता निदानाचं. फक्त सोनोग्राफीवर पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम हा आजार, ठरत नाही. पाळी अनियमित असणं, अँड्रोजन जास्त असल्याच्या खुणा किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफी, या तिन्हींतल्या दोन गोष्टी लागतात. आणि तशीच लक्षणं देणारे दुसरे आजार नाहीत ना, तेही बघावं लागतं. तुमची लक्षणं पीसीओएसकडेच बोट दाखवतात, पण टीएसएच (ही थायरॉईडची तपासणी), प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन ही रक्ततपासणी एकदा करून घ्या. थायरॉईड बिघडलं तरी पाळी लांबते, वजन वाढतं, केस गळतात.

थायरॉईडची गोळी चहाबरोबर घेता, हे वाचून मी थांबले. चहाबरोबर ती नीट शोषलीच जात नाही. उद्यापासून उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या आणि चहाला निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्यात चार तासांचं अंतर हवं. कदाचित तुमचा डोस बरोबर असेल आणि रक्तात मात्र निम्माच पोचत असेल. आता टीएसएच करालच. गोळीची वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करा, डोसचा हिशेब त्या रिपोर्टवर होईल. आणखी एक, बायोटिन. त्यामुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात, थायरॉईडचेही. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

साखर कशी तपासायची, हे जरा सविस्तर सांगते, कारण इथेच सगळी गफलत होते. उपाशीपोटीची साखर काढली, ९४ आली, नॉर्मल म्हणून फाईल बंद झाली, असं पुष्कळदा होतं. पण इन्सुलिन अजून ओढाताण करून सांभाळतंय तोवर उपाशीपोटीचा आकडा छानच दिसतो. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात ती चाचणी मागा. गरोदरपणात प्यालात तेच गोड पाणी. आधी तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, उपास धरायचा नाही. रात्रीपासून आठ तास पोट रिकामं ठेवायचं. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास लॅबमध्येच बसायचं, बाजारात चक्कर मारायची नाही. उपाशीपोटी १०० च्या आत आणि दोन तासांनी १४० च्या आत आली तर ठीक. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० आणि वर गेली तर मधुमेह, तो पुन्हा एकदा तपासून पक्का करतात. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, पण करतात, ती ५.७ च्या खाली असावी. मात्र अंगात लोह कमी असेल तर तो आकडा खोटाच वाढलेला येऊ शकतो, आणि लोहाची कमतरता आपल्या बायकांत घरोघरी आहे. म्हणून हिमोग्लोबिनही बघा. इन्सुलिनची पातळी मोजायच्या महागड्या पॅकेजची गरज नाही, त्यातून उपचार बदलत नाही. त्यापेक्षा ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉल बघून घ्या.

ज्या बाईची गरोदरपणात साखर वाढली, तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट असतो. बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत हीच चाचणी करायची असते आणि मग एक ते तीन वर्षांनी पुन्हा पुन्हा. तुमची चार वर्षांत एकदाही झालेली दिसत नाही. बाळाच्या लसीच्या तारखा सगळ्यांना तोंडपाठ असतात, आईच्या या तपासणीची आठवण कुणी करत नाही.

गोळ्यांबद्दल. महिन्याच्या, म्हणजे गर्भनिरोधकाच्याच, गोळ्यांनी आलेली पाळी म्हणजे बीज तयार झाल्याची खूण नव्हे. गोळ्या थांबल्या की अस्तर झडतं, एवढंच. म्हणून बंद केल्यावर पुन्हा पहिल्यासारखं झालं, यात तुमची काही चूक नाही. पण म्हणून त्या वाईट, असंही नाही. त्या अस्तर सांभाळतात, अंडाशयातलं अँड्रोजन कमी करतात, चेहऱ्यावरचे केसही हळूहळू कमी होतात. ब्लडप्रेशर जास्त असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धं डोकं दुखत असेल किंवा पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली असेल, तर या गोळ्या चालत नाहीत, तेव्हा हे डॉक्टरांना आधीच सांगा. गोळ्या नको असतील तर दर दोन-तीन महिन्यांनी प्रोजेस्टेरॉन घेऊन पाळी आणणं किंवा हार्मोनची तांबी बसवणं, हेही मार्ग आहेत. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची जुनी गोळी. तुमच्या वजनात आणि तुमच्या इतिहासात ती उपयोगी पडण्याची शक्यता बरीच आहे. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून लहान डोसपासून आणि जेवणानंतर घेतात. वर्षानुवर्षं चालू राहिली तर बी१२ तपासत राहावं लागतं. आयुष्यभर काय घ्यायचं हे आज ठरवायचं कारण नाही. विशीत जे लागतं ते पस्तिशीत लागेलच असं नाही.

माझंच चुकतंय का, असं विचारलंत. नाही. पीसीओएसचा वारसा मोठ्या प्रमाणात घराण्यातून येतो. जगात दर शंभर बायकांत आठ ते तेरा जणींना तो असतो आणि त्यातल्या बहुतेकींना कुणी सांगितलेलंही नसतं. शिवाय आपल्या लोकांची ठेवण वेगळी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की आपली बाळं जन्मतः युरोपातल्या बाळांपेक्षा हलकी असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त आणि स्नायूंचा कमी असतो. म्हणूनच आपल्यासाठी वजनाच्या मर्यादाही कडक धरतात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की जास्त, आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी. वजन वाढल्यानं इन्सुलिनचं बिघडतं हे खरं, पण वाढलेलं इन्सुलिन चरबी साठवायला मदत करतं हेही खरं. दोन्ही एकमेकांना ओढतात. लग्नातल्या ५४ किलोवर परत जायचं डोक्यातून काढून टाका. ७१ मधले साडेतीन-चार किलो कमी झाले, तरी बऱ्याच जणींची पाळी स्वतःहून परत यायला लागते आणि साखरेचा आकडा सुधारतो.

त्यासाठी उपाशी राहायचं नाही. तुमचा दिवस मला डोळ्यांपुढे दिसतो. नाश्ता नाही. कारखान्यात अकरा वाजता एक चहा, चारला दुसरा, त्यासोबत बिस्किटं. डब्यात दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी. घरी येईस्तोवर भूक अनावर झालेली, मग फरसाण नाहीतर पोहे. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर रात्री दहाला तुमचं जेवण, उरलेला भात त्यात संपवायचा, कारण टाकवत नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वाटीभर खिचडीनं साखर भराभर चढते. आठवड्यातले दोन दिवस हे चाललंय आणि तुम्ही त्याला डाएट समजताय.

असं करून बघा. नाश्ता परत सुरू करा, आणि त्यात प्रथिनं असू देत. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी आणि पिठलं, मटकीची उसळ, दोन अंडी, मुगाचं धिरडं, काहीही. डब्यात एका चपातीची जागा उसळीला द्या. मिसळ सोडा असं मी कोल्हापूरकरणीला सांगणार नाही, आणि गरजही नाही. मिसळीतली मटकी चांगलीच आहे. पावाच्या लाद्या आणि वरून मूठभर फरसाण, हे आवरायचं. एक पाव, जास्त मटकी, कांदा भरपूर. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा होऊ दे, ताटात मटण आणि भाकरी आधी, भात शेवटी आणि थोडा. चहातली साखर काढून गूळ घातला म्हणजे काम झालं, असं आपल्याकडे फार समजतात. आपला गूळ चवीला लाखात एक आहे, पण रक्तात शिरल्यावर तो साखरच. उपवास श्रद्धेनं करत असाल तर जरूर करा, अंबाबाईचा मंगळवार-शुक्रवार मोडायला मी सांगणार नाही. त्या दिवशी राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दही, ताक, एखादं फळ घ्या आणि साबुदाणा बाजूला ठेवा. गंगावेशीत रात्री म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची घरात सवय असेल, तर तो पेला जेवणात धरायचा, जेवणावर नाही. आणि रात्रीचं जेवण आठच्या आसपास सगळ्यांच्या बरोबर, एकाच पंगतीला. ही गोष्ट मी सर्वांत आग्रहानं सांगतेय.

व्यायामाचं. रंकाळ्यावर चालायला जाणं चांगलंच, पण चालण्याबरोबर स्नायू कमवायला हवेत. जेवणानंतर इन्सुलिनच्या जोरावर रक्तातली सर्वांत जास्त साखर स्नायूच उचलतात, आणि वापरात असलेला स्नायू तर इन्सुलिन कमी असलं तरी साखर आत घेतो. ज्या गावात पेठेपेठेत तालमी आहेत, तिथे जोर-बैठका काय करतात हे बायकांना वेगळं सांगायला नको, फक्त त्या पुरुषांच्याच मानल्या गेल्या. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठबस करा. भिंतीला हात टेकून जोर काढा. भरलेल्या पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांनी उचला. आठवड्यातून दोन-तीनदा एवढं, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा गल्लीत चालणं. एकूण आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं झालं की छान. झोप सात तास हवी. रात्री घोरत असाल आणि दिवसा डोळे मिटत असतील तर डॉक्टरांना सांगा, पीसीओएसमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास जास्त आढळतो.

पावडर घेऊ नका. एकाच डब्यातनं सगळे हार्मोन जागेवर आणणारी अशी कुठलीही पावडर नाही. साडेतीन हजारांत वर सांगितलेली बरीचशी रक्ततपासणी होऊन जाईल. इनॉसिटॉल नावाचं पूरक डॉक्टर पुष्कळदा लिहून देतात. त्याचा पुरावा तोकडा आहे, काहींना थोडाफार फायदा होतो, फारसा अपाय नाही. ते घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून. मानेचा काळेपणा हा मळ नाही, इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण आहे. घासून कातडी सोलवटेल आणि अजून काळी पडेल. गोरेपणाची म्हणून मिळणारी क्रीमं त्यावर लावू नका, कित्येकांत स्टेरॉईड असतं. इन्सुलिन उतरलं की मान आपोआप उजळायला लागते, वेळ लागतो. हनुवटीच्या केसांचंही तसंच. औषधाचा फरक दिसायला सहा महिने धरा, तोवर थ्रेडिंग खुशाल करा. त्यानं केस वाढत नाहीत. आणि सणाला, वास्तुशांतीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या परस्पर मेडिकलमधून आणून घेणं मात्र आता बंद.

लग्नकार्य टाळता, हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत. पीसीओएस असलेल्या बायकांत उदासी आणि धास्ती जास्त आढळते, आणि त्याबद्दल विचारणं हा तपासणीचाच भाग मानला जातो. दोन आठवडे सलग मन लागत नसेल, झोप उडाली असेल, मुलीवर विनाकारण ओरडणं होत असेल, तर डॉक्टरांना तसंच सांगा. मिस्टरांना पहिल्या भेटीला बरोबर न्या. घरातलं जेवण बदलायचं, रात्री तुम्हाला पंधरा मिनिटं चालायला मोकळं ठेवायचं, हे एकट्या बाईच्या हातात नसतं. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे, तिथे दाखवा. जाताना जुनी सोनोग्राफी, बाळंतपणाची फाईल आणि गेल्या वर्षभरात पाळी आलेल्या तारखा लिहून न्या. जेवढ्या आठवतील तेवढ्या पुरेत.

काही गोष्टींसाठी मात्र थांबायचं नाही. पाळी आल्यावर तासातासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन-चार महिन्यांत केस झपाट्यानं वाढले, आवाज जाड झाला, तर ते पीसीओएसचं लक्षण नसतं. अंडाशय किंवा मूत्रपिंडावरची ग्रंथी तातडीनं तपासावी लागते.

राहिलं दुसऱ्या बाळाचं. आत्याबाई मायेनंच म्हणतात, पण बाळंतपण हा पीसीओएसवरचा इलाज नाही. पहिल्या बाळंतपणानंतरच तुमची पाळी बिघडली, एवढंच त्यांना शांतपणे सांगा. तुम्हा दोघांना खरंच दुसरं हवं असेल, तर आधी साखर आणि थायरॉईड जागेवर आणा. बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, बहुतेकदा दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत, आणि तेव्हा आईची साखर चढलेली असली तर बाळाला व्यंग होण्याचा धोका वाढतो. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरा. प्रयत्न सुरू करायच्या तीन महिने आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घ्या. बीज तयार होत नसेल तर त्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या आहेत, त्यांनी पुष्कळ जणींना दिवस जातात, एकदम टेस्ट ट्यूबकडे धावायची गरज नसते. आणि दिवस गेले की साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत मागून घ्या.